बिटमॅप की व्हेक्टर? फाइल उघडण्याआधी ठरवा

चित्र शेवटी किती मोठं लागणार, हे आधी ठरवा. आकार पक्का असेल तर बिटमॅप, म्हणजे रंगीत ठिपक्यांनी (पिक्सेलांनी) बनलेलं चित्र, चालतो. तेच चित्र आज आयकॉनएवढं आणि उद्या भिंतीएवढं हवं असेल, तर ते व्हेक्टरमध्येच, म्हणजे गणिती रेषा आणि आकारांनी, काढा.

बिटमॅपमध्ये पिक्सेलांची संख्या ठरलेली असते. म्हणून छपाईसाठी आधी हिशोब करा: सेंटिमीटरमधली लांबी भागिले २.५४, गुणिले ३०० (दर इंचाला इतके पिक्सेल, म्हणजे ३०० पीपीआय). ए-४ कागदाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० पीपीआयला जेमतेम ६.८ सें.मी. रुंद छापलं जातं. 'रीसॅम्पल' (पिक्सेलांची संख्या बदलण्याचा पर्याय) सुरू ठेवून पिक्सेलांचा आकडा वाढवला, तर सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून मधले रंग अंदाजाने भरतं. नवा तपशील येत नाही, कडा मात्र पुसट होतात. तरीही फोटो आणि ब्रशकामासाठी बिटमॅपच योग्य. जलरंगाच्या छटा व्हेक्टरमध्ये पकडायला गेलात, तर हजारो तुकडे होतात आणि फाइल जड होते.

व्हेक्टरमध्ये नोड (रेषेवरचे बिंदू), त्यांना जोडणारे वक्र आणि भरलेला रंग एवढंच साठवलेलं असतं; प्रत्येक आकाराला चित्र नव्याने आखलं जातं. पीएनजी (बिटमॅप फाइल) नुसती एसव्हीजीत (व्हेक्टर फाइलीत) आयात करून सेव्ह केली, तर आत बिटमॅपच राहतो. अशा फाइली सर्रास फिरतात. खात्री करायला आउटलाइन मोड (फक्त बाह्यरेषा दाखवणारं दृश्य) लावा: रेषांऐवजी नुसती चौकट दिसली, तर तो बिटमॅप आहे.

हाताने काढलेलं रेखाचित्र व्हेक्टर करायचं असेल, तर शाईच्या स्वच्छ रेषा ६०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा आणि पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेग नको. ते ८ × ८ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत दाबलं जातं. त्यामुळे रेषेभोवती कचरा उमटतो आणि ट्रेस करताना (सॉफ्टवेअर बिटमॅपवरून व्हेक्टर आकार काढतं तेव्हा) तोही आकार म्हणून धरला जाऊ शकतो. फोटो-संपादनातलं लेव्हल्स (उजेड-काळोख ठरवण्याची सोय) वापरून कागद पूर्ण पांढरा करा. मग इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये चित्र निवडून 'पाथ' मेनूतून 'ट्रेस बिटमॅप' घ्या. 'ब्राइटनेस कटऑफ' ०.४५ पासून सुरू करा: बारीक रेषा तुटत असतील तर वाढवा, कागदावरचे डाग येत असतील तर कमी करा. बारीक ठिपके उरले तर 'स्पेकल्स'चा आकडा वाढवा. तयार झालेला पाथ (व्हेक्टर आकार) मूळ चित्राच्या बरोब्बर वर बसतो, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. तो बाजूला ओढा आणि खालचा बिटमॅप काढून टाका.

नोड फार झाले तर 'सिम्प्लिफाय' (कंट्रोल + एल) एकदाच वापरा. पटापट दाबत राहिलात तर त्याचा जोर वाढत जातो आणि टोकदार कोपरे गोलावतात.

या पद्धतीत रेषेच्या दोन्ही कडा ट्रेस होतात, म्हणजे रेष हा भरलेला आकार बनतो आणि तिची जाडी नंतर स्ट्रोकच्या आकड्याने बदलता येत नाही. लोगोसाठी म्हणूनच ट्रेस टाळावा. स्कॅन खालच्या लेयरवर लॉक करा आणि पेन टूलने वरून रेषा काढा. नोड फक्त कोपऱ्यांवर आणि वक्र जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतो त्या बिंदूंवर द्या. पूर्ण वर्तुळाला ४ पुरतात.

फाइल देताना अक्षरांना 'ऑब्जेक्ट टू पाथ' आणि रेषांना 'स्ट्रोक टू पाथ' करा, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरं बदलतात. संपादन करता येईल अशी प्रत वेगळी ठेवा. धूसर सावल्या पीडीएफमध्ये बहुधा पिक्सेलच होतात, तेव्हा एक्सपोर्ट करताना त्यांचं रिझोल्यूशन ३०० ठेवा.