कॉलेजचा इंटरनेट रेडिओ काढताय? माइक घेण्याआधी या चुका टाळा

कॉलेजात रेडिओ काढायचं ठरलं की पहिली चर्चा माइकची होते, दुसरी लोगोची. रेडिओ बंद पडतो तो मात्र भलत्याच कारणांनी.

नेहमीची चूक म्हणजे आइसकास्ट सर्व्हर (इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत आवाज पोचवणारं सॉफ्टवेअर) लॅबमधल्याच एखाद्या पीसीवर बसवणं. चाचणीला पाच मित्र ऐकतात, सगळं झकास. गॅदरिंगच्या दिवशी दोनशे जण जोडले जातात आणि आवाज तुटू लागतो. प्रत्येक श्रोत्याला आवाजाचा वेगळा प्रवाह (स्ट्रीम) जातो: १२८ केबीपीएस गुणिले २०० म्हणजे २५.६ एमबीपीएस, तेही सलग आणि अपलोडवर. सर्व्हर बाहेर भाड्याने घ्या, म्हणजे कॉलेजातून एकच प्रवाह वर जाईल. आइसकास्टच्या नमुना कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) ‘हॅकमी’ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

मोबाइल डेटावर ऐकू येतं, कॅम्पसच्या वायफायवर नाही? बहुधा कॉलेजच्या फायरवॉलने आइसकास्टचा नेहमीचा ८००० पोर्ट अडवलाय. सिस्टिम अ‍ॅडमिनशी हुज्जत घालण्यापेक्षा प्रवाह एचटीटीपीएसने, ४४३ पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या नेहमीच्या वाटेने द्या.

आता गाणी. ‘माझ्याकडे गाण्यांच्या अ‍ॅपचं प्रीमियम आहे, मग वाजवायला काय हरकत?’ हरकत आहे. ते सबस्क्रिप्शन स्वतःपुरतं ऐकायचं असतं. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डी खाली वैधानिक परवाना (मालकाच्या संमतीविना, ठरवून दिलेल्या रॉयल्टीवर) मिळू शकतो. इंटरनेटवरच्या प्रसारणाला ही सोय लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं अ‍ॅप) प्रकरणात सांगितलं. म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी कंपनीची परवानगी वेगळी, शब्द आणि चालीसाठी वेगळी. जुनी गाणी तरी मोकळी असतील, हाही भ्रमच. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, शब्दांचा कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. गदिमा १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत मोकळे होत नाहीत. माझं मत विचाराल तर सिनेसंगीताचा नाद सोडा. हॉस्टेलच्या मेसचे किस्से, करंडकाच्या तालमी, कॉलेजच्या बँडने स्वतः बांधलेली गाणी हा माल दुसऱ्या कुठल्याच स्टेशनकडे नाही.

निवेदक लेक्चरला अडकला की स्टेशन मुकं होतं. आइसकास्टमध्ये ‘फॉलबॅक माउंट’, म्हणजे राखीव प्रवाह, लावून ठेवा: थेट प्रसारण तुटलं की श्रोते आपोआप तिकडे वळतात. मात्र त्याचा फॉरमॅट आणि बिटरेट (केबीपीएसचा आकडा) मूळ प्रवाहासारखाच हवा, नाहीतर प्लेअर गडबडतो. फोनवरच्या पाहुण्याला स्वतःच्या मोबाइलवर स्टेशन बंद करायला सांगा. प्रवाह काही सेकंद मागे असतो, त्यामुळे आपलाच आवाज मागून आला की माणूस बोलताना अडखळतो.

आणि डोमेन? ते शेवटच्या वर्षाच्या कुणाच्या तरी खासगी जीमेलवर असतं. तो नोकरीला बंगळुरूला गेला की नूतनीकरणाची मेलही त्याच्यामागे जाते. डोमेन, सर्व्हर, पासवर्ड विभागाच्या खात्यावर घ्या आणि पुढच्या बॅचला जानेवारीतच सगळं शिकवा; मार्चमध्ये सबमिशनच्या धामधुमीत कुणी भेटत नाही.