शे लॉगिंग इंजिनाचं किट जोडताय? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचं किट उघडलं की हात आधी कंदील, घंटा, धुराडं अशा देखण्या भागांकडे जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नॅरो गेज (अरुंद रुळांवरचं) लॉगिंग इंजिन, म्हणजे जंगलातले ओंडके ओढणारं इंजिन, त्यातही शे हे गिअरवर चालणारं वाफेचं इंजिन, आधी उघडंबोडकं धावलं पाहिजे. माझं पहिलं शे मी रंगवून, सजवून मगच रुळावर ठेवलं. सरळ रुळावर छान चाललं, उजव्या वळणावर मात्र दर वेळी घसरायचं. शेवटी रंगासकट सगळं खोलावं लागलं.

कारण समजायला शेची रचना पाहू. सिलिंडर उभे आणि उजव्या अंगाला. तिथून लांब शाफ्ट दोन्ही बोगींपर्यंत (इंजिनाखालच्या, वळणाऱ्या चाकांच्या चौकटींपर्यंत) जातो आणि बेव्हल गिअर, म्हणजे काटकोनात फिरवणारे तिरक्या दातांचे गिअर, चाकं फिरवतात. सिलिंडरच्या वजनाला तोल म्हणून बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो. नवखे लोक तो ‘वाकडा बसला’ समजून मध्यावर आणायला कानस घेतात. तसं करू नका, तो तसाच असतो.

आता घसरण्याचं कारण. उजव्या वळणावर बोगींच्या उजव्या बाजू जवळ येतात, म्हणून शाफ्टला आखडावं लागतं. डाव्या वळणावर लांबावं लागतं. यासाठी शाफ्टमध्ये एकात एक सरकणारा जोड असतो. फक्त उजवीकडे घसरत असेल, तर आतला दांडा बहुधा लांब आहे, तो टेकून चाक उचलतोय. डावीकडे जाताना जोड सुटत असेल, तर दांडा आखूड. घासताना थोडं थोडं घासा, कापलेलं परत येत नाही. युनिव्हर्सल जॉइंटकडेही (शाफ्टला वाकून फिरू देणाऱ्या सांध्याकडेही) बघा: मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत नसतील, तर इंजिन हिसके देतं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘टिक’ असा आवाज आला, तर अॅक्सलवर घट्ट दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर तडकला आहे का ते भिंगातून पाहा. तडकलेला गिअर चिकटवून टिकत नाही, बदलायचाच. सतत घरघर येत असेल, तर गिअर एकमेकांत फार रुतले आहेत. मध्ये पातळ कागदाची पट्टी धरून बसवा आणि मग ती काढा.

व्हाइट मेटलच्या (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूच्या) भागाला पितळेसाठी तापवलेलं सोल्डरिंग आयर्न लावलं, तर नक्षीचा क्षणात थेंब होतो. स्मोकबॉक्सचा (बॉयलरच्या पुढच्या टोकाचा) दरवाजा मी असाच घालवला. 70 अंशांना वितळणारं सोल्डर वापरा, पण ते पितळेला नीट धरत नाही, त्यामुळे पितळेवर आधी साध्या सोल्डरचा थर द्या. सोल्डरचं जमत नसेल तर इपॉक्सी बरं. हे धातूचे भाग बहुतेक उजवीकडेच जमतात, म्हणून वजन डावीकडे भरा.

भाग विकत घेताना प्रमाण तपासा. ऑन30 आणि एचओ ही मॉडेल रेल्वेची दोन प्रमाणं. ऑन30 मध्ये दोन रुळांमधलं अंतर (गेज) 16.5 मिलिमीटर, म्हणजे एचओइतकंच. त्यामुळे एचओचे कंदील वगैरे उचलायचा मोह होतो. पण ऑन30 चं प्रमाण 1:48 आणि एचओचं 1:87. एचओचा ड्रायव्हर केबिनमध्ये बाहुल्यासारखा दिसतो. तसं पाहिलं तर खऱ्या रेल्वेचा 30 इंची गेज 1:48 ला 15.9 मिलिमीटर भरतो, पण एवढी तडजोड सगळेच चालवून घेतात.

डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल हुकूम मोटरपर्यंत पोचवणारी चकती) बसवणार असाल, तर मोटरचे दोन्ही ब्रश, म्हणजे मोटरला वीज देणारे संपर्क, चासीपासून वेगळे आहेत का ते मल्टीमीटरवर पाहा. एक जरी चासीला टेकलेला असला, तर डिकोडर जळायला वेळ लागत नाही.

रंगाआधी साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर बोटांच्या तेलामुळे रंग सोलून निघतो. सरकत्या जोडात रंग जाऊ देऊ नका. आणि रंगवलेला गंज आवरा! फिरणारे शाफ्ट, गिअर तेलकट काळे असतात, तांबूस नव्हे. खिडक्यांच्या काचा अगदी शेवटी, पांढऱ्या गोंदाने. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते आणि ती पुसून निघत नाही.