स्वीडिश मोटारनिर्मितीचा इतिहास कसा अभ्यासावा

स्वीडनमधील मोटारींचा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण मॉडेलांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि चार-पाच आकड्यांतच त्यांचा रस आटतो. यादीतून कोणती गाडी कधी आली हे समजते. पण १९२०च्या दशकात जेमतेम साठ लाख वस्ती असलेल्या, लांब हिवाळ्याच्या आणि कच्च्या रस्त्यांच्या या देशात वीस वर्षांच्या अंतराने मोटारीचे दोन स्वतंत्र कारखाने का उभे राहिले, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून हा अभ्यास गाड्यांपासून नव्हे, तर त्या ज्या धंद्यांच्या पोटातून जन्मल्या त्या धंद्यांपासून सुरू करावा. व्होल्वोचा जन्म बॉल बेअरिंगच्या कारखान्यातून झाला आणि साबचा विमानांच्या. प्रत्येक कंपनीने आपल्या मूळ धंद्याच्या सवयी मोटारीत आणल्या. हा धागा हाती ठेवला की पुढची जवळजवळ प्रत्येक गाडी समजू लागते.

वाचनाला बसण्यापूर्वी मात्र मालकीचा एक तक्ता कागदावर मांडून घ्यावा, कारण या विषयात सर्वाधिक गोंधळ नावांमुळे होतो. व्होल्वोच्या मोटारी आणि ट्रक १९९९ पर्यंत एकाच उद्योगसमूहाचे होते. त्या वर्षी मोटारींचा व्यवसाय ६.४५ अब्ज डॉलरला फोर्डकडे गेला आणि २०१० मध्ये तो चीनच्या जीली समूहाने घेतला. ट्रक मूळ कंपनीकडेच राहिले. त्यामुळे आज एकच नाव लावणाऱ्या या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. साबचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. विमाने बनवण्यासाठी १९३७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्कानिया-वाबिस या ट्रक उत्पादक कंपनीशी जोडली गेली. १९९० मध्ये मोटारींचा विभाग वेगळा काढून त्यातील निम्मा हिस्सा जनरल मोटर्सला देण्यात आला, २००० मध्ये उरलेलाही त्यांच्याकडे गेला, २०१० मध्ये स्पायकर या छोट्या डच कंपनीने तो विकत घेतला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी त्याचे दिवाळे निघाले. विमाने बनवणारी साब मात्र आजही चालू आहे. कोणताही लेख वाचताना ‘साब’ किंवा ‘व्होल्वो’ हे नाव दिसले, की शेजारी वर्ष लिहून त्या वर्षी ते नाव नेमके कोणाचे होते हे तक्त्यावर पाहून घ्यावे.

१९२७ पूर्वीच्या काळावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सॉडरटेलिए येथे वाबिस या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीत गुस्ताफ एरिक्सन यांनी १८९७ मध्ये देशातील पहिली मोटार बनवली, माल्मोमधील स्कानियाशी वाबिसचे १९११ मध्ये एकत्रीकरण झाले आणि ही जोडकंपनी पुढे ट्रक आणि बस यांच्याकडे वळली. लांडस्क्रोना येथील थुलिन या विमाननिर्मात्या कंपनीनेही काही वर्षे मोटारी केल्या, पण तो प्रयत्न टिकला नाही. एवढे लक्षात ठेवून थेट गॉथेनबर्गला यावे.

गॉथेनबर्गमध्ये थोडे थांबावे. बॉल बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीच्या विक्री विभागात असलेले असार गॅब्रिएलसन आणि अभियंते गुस्ताफ लार्सन यांनी स्वीडिश मोटारीची कल्पना मांडली, १९२६ मध्ये दहा नमुना गाड्या तयार केल्या आणि १९१५ पासून नोंदणीत असलेले ‘व्होल्वो’ हे नाव व भांडवल एसकेएफकडून मिळवले. १४ एप्रिल १९२७ रोजी ओव्ही ४ ही विक्रीसाठी मालिकेने बनवलेली पहिली गाडी हिसिंगेन बेटावरील कारखान्यातून बाहेर पडली. येथे नकाशा जवळ घ्यावा आणि त्यावर तीन गावे खुणावावीत: इंजिन शव्दे येथून, गिअरबॉक्स शपिंग येथून आणि दाबून घडवलेले पत्र्याचे भाग उलोफ्स्ट्रम येथून येत. गॉथेनबर्गच्या कारखान्यात मुख्यतः जोडणी होत असे. सर्व काही एकाच छपराखाली बनवण्याऐवजी देशभरातील कसबी कारखान्यांकडून भाग घडवून घ्यायचे आणि दर्जाचा आग्रह स्वतःकडे ठेवायचा, ही पद्धत सुटे भाग पुरवण्याच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला सहज सुचणारी होती. पुढे ही तिन्ही ठिकाणे व्होल्वोच्याच मालकीची झाली. ओव्ही ४ उघड्या टपाची होती. स्वीडनच्या हवेत ती मर्यादितच चालली आणि बंदिस्त पीव्ही ४ लगेच आणावी लागली. कंपनीला तारले ते १९२८ मध्ये आलेल्या ट्रकने, म्हणून मोटारींचा अभ्यास करणाऱ्यानेही ट्रकची प्रकरणे गाळू नयेत.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गाडी समजून घेण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. पीव्ही ४४४ ही छोटी गाडी १९४४ मध्ये स्टॉकहोमच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिची किंमत ४,८०० क्रोनर जाहीर झाली आणि १९२७ मध्ये ओव्ही ४ची किंमतही तीच होती. सामान्य कुटुंबाला परवडणारी गाडी करायची हा निर्णय त्या एका आकड्यात वाचता येतो. साहित्याच्या टंचाईमुळे प्रत्यक्ष उत्पादन मात्र १९४७ मध्ये सुरू झाले.

त्याच वर्षी, १० जून १९४७ रोजी, साबने आपली मोटार पत्रकारांना दाखवली. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची मागणी घटणार हे ओळखून गुन्नार यूंगस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली विमान अभियंत्यांच्या छोट्या गटाने हे काम हाती घेतले होते आणि गाडीला आकार दिला होता सिक्स्टेन सासोन यांनी. साब ९२चे जवळून घेतलेले छायाचित्र मिळवावे आणि ते सावकाश पाहावे. बाजूने पाहिल्यास ती विमानाच्या पंखाच्या छेदासारखी दिसते, चाके अंगात झाकलेली आहेत, आणि सुरुवातीच्या गाड्यांना मागे डिकीचे झाकणच नाही. सामान मागच्या आसनाच्या पाठीवरून आत सरकवावे लागे. पहिल्या गाड्या केवळ हिरव्या रंगात मिळत. पुढे आडवे बसवलेले दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन जेमतेम २५ अश्वशक्तीचे होते आणि शक्ती पुढच्या चाकांना जात असे, जी बर्फाळ रस्त्यावर मोठी सोय ठरली.

या इंजिनाशी जोडलेली एक यंत्रणा अवश्य समजून घ्यावी. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातून. त्यामुळे लांब उतारावर चालकाने अॅक्सिलरेटर सोडला आणि चाकांनी इंजिन फिरवत ठेवले, तर इंजिन वेगाने फिरते पण त्याला तेल मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून साबने फ्रीव्हील बसवले. पाय उचलताच इंजिन चाकांपासून सुटे होई आणि आपल्या मंद गतीने चालत राही. साबचे रॅलीचालक एरिक कार्लसन यांनी १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली आणि १९६२ व १९६३ मध्ये माँटे कार्लो रॅली याच वंशातल्या साब ९६ने जिंकली. १९६७च्या मॉडेलपासून फोर्डचे चार-स्ट्रोक व्ही ४ इंजिन आल्यावरही फ्रीव्हील गाडीत राहिले.

सुरक्षिततेचा इतिहास वाचताना भारावून न जाता तीन प्रश्न विचारावेत: ही सोय कोणत्या तारखेला बसवली, ती सर्व गाड्यांत होती की जादा पैसे देऊन मिळत होती, आणि ती कोणत्या आसनासाठी होती. या कसोटीवर तीन-बिंदू सीटबेल्टची कथा पूर्णपणे उतरते, आणि माझ्या मते ती या संपूर्ण इतिहासातली सर्वांत मोलाची आहे. निल्स बोहलिन १९५८ मध्ये व्होल्वोत आले. त्यापूर्वी ते साबमध्ये वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. वैमानिकाला आवळून बांधणारे पट्टे मोटारीत कोणी रोज लावणार नाही, म्हणून एका हाताने लावता येईल आणि कमरेशेजारी खाली अडकेल असा पट्टा त्यांनी योजला. १९५९ मध्ये पुढच्या आसनांसाठी हा पट्टा बसवलेल्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या आणि व्होल्वोने पेटंट इतर उत्पादकांना वापरू दिले. विमानाचा धंदा आणि मोटारीचा धंदा येथे एका माणसात एकत्र आले, हे नोंदवून ठेवावे.

जुनी छायाचित्रे तपासताना एक खूण फार उपयोगी पडते. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत, तरी तेथील गाड्यांचे स्टिअरिंग बहुधा डावीकडेच असे. म्हणून डाव्या स्टिअरिंगची व्होल्वो अॅमेझॉन स्वीडनच्या रस्त्यावर डाव्या बाजूने जाताना दिसली, तर ते चित्र त्या तारखेपूर्वीचे समजावे. गाड्यांच्या क्रमांकांनाही किल्ली आहे: १९६६ च्या १४४ पासून पहिला अंक मालिकेचा, दुसरा सिलिंडरांचा आणि तिसरा दारांचा. २४५ म्हणजे दुसऱ्या मालिकेतील, चार सिलिंडरांची, पाच दारांची गाडी. १९८०च्या दशकात ही पद्धत मागे पडली आणि सर्वच गाड्या २४० म्हणवू लागल्या, हे विसरू नये.

कामगारांच्या बाजूचा अभ्यास बहुतेक जण टाळतात, आणि ती मोठी उणीव राहते. गॉथेनबर्गचा टोर्सलांडा कारखाना १९६४ मध्ये सरकत्या पट्ट्यावर उभा राहिला, पण त्या दशकाच्या अखेरीस एकसुरी कामाला कंटाळून कामगार नोकरी सोडू लागले आणि गैरहजेरी वाढली. कंपनीचे प्रमुख पेर गिलेनहामार यांच्या काळात व्होल्वोने १९७४ मध्ये कालमार येथे वेगळा कारखाना काढला, जिथे सलग पट्टा नव्हता. गाडी स्वयंचलित गाड्यावर बसून गटाकडे येई आणि गट आपल्या वाट्याचे काम स्वतः आखून करी. पुढे उद्देवाला येथे हा प्रयोग आणखी पुढे नेला गेला. उद्देवाला १९९३ मध्ये आणि कालमार १९९४ मध्ये बंद झाला. या दोन कारखान्यांवरील मते वाचताना लेखक व्यवस्थापनाच्या बाजूचा आहे की कामगार संघटनेच्या, हे आधी पाहावे, कारण दोन्हीकडचे निष्कर्ष वेगळे निघतात.

साबचा शेवट अभ्यासताना २०११ पासून मागे जाऊ नये. १९७७ पासून पुढे यावे. त्या वर्षी व्होल्वो आणि साब-स्कानिया यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव फसला, आणि त्याच सुमारास साबने ९९ टर्बो आणून रोजच्या वापराच्या गाडीत टर्बो रुजवला. नवी गाडी विकसित करण्याचा खर्च मात्र लहान कंपनीला झेपेनासा होत होता. म्हणूनच १९८४ ची ९००० फियाट समूहाबरोबर समान पायावर आखावी लागली. व्होल्वोलाही हीच अडचण होती, आणि रेनॉशी ठरलेले विलीनीकरण १९९३ च्या अखेरीस भागधारकांच्या विरोधामुळे मोडले. हे दोन फसलेले करार शेजारी ठेवून वाचल्यास नंतरच्या परदेशी मालकीची कारणे स्पष्ट होतात.

प्रत्यक्ष गाड्या पाहायच्या असतील, तर आधी साबच्या मोटारींचे गाव असलेल्या ट्रोलहॅटनला जावे. दिवाळखोरीनंतर साबचा संग्रह विखुरला जाण्याची वेळ आली असता २०१२ मध्ये तेथील नगरपालिका, विमाननिर्माती साब आणि वालेनबर्ग प्रतिष्ठान यांनी तो विकत घेऊन वाचवला. तेथे १९४६ चा हाताने घडवलेला पहिला नमुना आणि कारखान्यातली साब ९२ पाहून पत्र्याच्या सांध्यांची तुलना करावी. त्यानंतर गॉथेनबर्गमध्ये २०२४ पासून खुल्या असलेल्या ‘वर्ल्ड ऑफ व्होल्वो’ येथे ओव्ही ४ आणि पीव्ही ४४४ पाहाव्यात. अभ्यास आजपर्यंत आणायचा असेल, तर १९९४ मध्ये स्थापन झालेली आणि एंगेलहोल्म येथे हवाई दलाच्या जुन्या तळावर महागड्या वेगवान गाड्या बनवणारी क्योनिगसेग कंपनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीत नोंदवावी.