मॉडेल विमानाचे एलरॉन, एलिव्हेटर आणि रडर किती मोठे असावेत

रेडिओवर चालणारे विमान स्वतः आखायला घेतले की एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटीची हलती पट्टी, ऐसपैस ठेवण्याचा मोह होतोच. माझ्या पहिल्या विमानात मी शेपटीची निम्म्याहून अधिक रुंदी एलिव्हेटरला दिली आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या माळावर ते हातातून सुटताच बेडकासारखे उड्या मारत गेले.

सर्व मापे पंखाच्या क्षेत्रफळावरून काढावीत. पंख 120 सेंमी लांब व 20 सेंमी रुंद असेल, तर क्षेत्रफळ 2400 चौ. सेंमी होते. शिकाऊ विमानाला आडवी शेपटी याच्या 20 टक्के, म्हणजे 480 चौ. सेंमी पुरते, ती 40 बाय 12 सेंमीची केल्यास मागची 3.6 सेंमीची पट्टी, म्हणजे शेपटीचा 30 टक्के भाग, एलिव्हेटर म्हणून कापावी. मात्र शेपटी पंखापासून पंखाच्या रुंदीच्या अडीचपट तरी मागे हवी; अंतर कमी असेल, तर शेपटी मोठी करावी लागते.

दोन्ही एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या, मिळून पंखाचा सुमारे दहावा हिस्सा असावेत. वरील पंखात टोकाकडे 25 सेंमी लांब व 5 सेंमी रुंद एलरॉन बसतात. पूर्ण लांबीची पट्टी हवी असेल, तर अडीच सेंमी रुंदी पुरेशी आहे. उभी शेपटी पंखाच्या 8 टक्के आणि तिचा 40 टक्के भाग रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी हलती पट्टी; एलरॉन नसलेल्या विमानात उभ्या शेपटीचा निम्मा भाग रडर.

नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने हवा थोडी विरळ असते, पण त्यासाठी मापे वाढवू नयेत, कारण तेवढेच वजन पेलायला विमान किंचित वेगाने उडते आणि या हलत्या भागांना तोच जोर मिळतो.

या भागांची हालचाल सुरुवातीला बेताचीच ठेवावी: एलिव्हेटर दोन्हीकडे 8 मिमी, एलरॉन वर 10 आणि खाली 6 मिमी, म्हणजे वळताना नाक उलट्या दिशेला ओढले जात नाही. ती कमी करण्यासाठी आधी ट्रान्समीटरला (हातातल्या रेडिओला) हात लावू नये. पुशरॉड (जोडणारी सळई) सर्व्होच्या (भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांडीच्या आतल्या व हॉर्नच्या (भागावर बसवलेल्या पट्टीच्या) बाहेरच्या भोकात घालावा, म्हणजे सर्व्होची ढिलाईही त्याच प्रमाणात घटते. भाग मोठा असेल तितकी ही ढिलाई अधिक जाणवते आणि वेगात तो फडफडू लागतो. तो भर्र आवाज ऐकू आल्यास थ्रॉटल (मोटरचा जोर) ताबडतोब खाली घ्यावा. उड्डाणापूर्वी रेडिओ चालू ठेवून प्रत्येक भागाची मागची कड चिमटीत धरून हलवावी. ती मिलिमीटरभराहून अधिक डुगडुगली, तर बिजागरीची टेप किंवा पुशरॉडचे भोक आधी नीट करावे.