गव्हाला जिवाणू लावताना: पहिला प्रयोग घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. जिवाणूखताच्या प्रयोगाचं काम मात्र ऑक्टोबरातच सुरू करावं लागतं, कारण आधी पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का ते बघायचं असतं. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या ॲझोटोबॅक्टरमध्ये (हवेतला नत्र बांधणारा जिवाणू) ग्रॅमला किमान ५ कोटी जिवाणू हवेत. १० ग्रॅम भुकटी ९० मिली निर्जंतुक पाण्यात मिसळा, त्यातलं १० मिली पुढच्या ९० मिलीत, अशा पाच बाटल्या करा. पाचव्या बाटलीतलं ०.१ मिली नत्र नसलेल्या ॲशबी माध्यमावर (जिवाणू वाढवायच्या प्लेटवर) पसरा. तीन-चार दिवसांत ५०च्या आसपास चिकट वसाहती (जिवाणूंचे ठिपके) आल्या तर पाकीट चांगलं. पाच-सातच आल्या तर बाजूला ठेवा. दुपारभर गाडीच्या डिकीत तापलेलं पाकीट बाहेरून तसंच दिसतं, हीच खरी गोची.

बीजप्रक्रियेला १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम ॲझोटोबॅक्टर आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारं कल्चर (जिवाणूखत) लागतं. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गूळ हायड्रॉस (रंग उजळवणारी पूड) न घातलेला, काळसरच घ्या. पिवळाधमक गूळ बाजारात शोभतो, इथे नको. १० किलोला ३०० ते ४०० मिली गूळपाणी पुरतं, जास्त झालं तर दाणे फुगून पेरणीयंत्रात अडकतात. थायरम हे बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

प्रयोग फसतो तो बहुधा मांडणीत. युरियाची पूर्ण मात्रा दिली की जिवाणूंना हवेतला नत्र बांधायची गरजच उरत नाही, मग फरक कुठून दिसणार? म्हणून चार वाफे तरी हवेत: पूर्ण नत्र, पाऊण नत्र, पाऊण नत्र अधिक कल्चर, आणि पाऊण नत्र अधिक ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं भांडं) मारलेलं कल्चर. चौथा वाफा नवखे गाळतात. मग गुळाचा परिणाम कुठला आणि जिवाणूचा कुठला, हे सांगता येत नाही. प्रत्येकाची किमान तीन-चार वेळा पुनरावृत्ती करा आणि वाफ्यांमध्ये बांध ठेवा, नाहीतर पाटाच्या पाण्याबरोबर जिवाणू शेजारी जातात.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू पिकोव्हस्काया माध्यमाच्या प्लेटवर तपासतात, स्फुरद विरघळला की वसाहतीभोवती स्वच्छ वलय दिसतं. त्या वलयाला भुलू नका. त्या माध्यमात स्फुरद कॅल्शियमला बांधलेला असतो. राधानगरी, शाहूवाडीकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमने धरलेला असतो. प्लेटवरचा पहिला नंबर शेतात शेवटचा येऊ शकतो. सामू (pH) ६च्या खाली असेल तर ॲझोटोबॅक्टरही नीट टिकत नाही.

ऊस तुटलेल्या रानात पाचट जाळू नका, या जिवाणूंचं अन्न सेंद्रिय कर्बच आहे. पण पाचट कुजताना मातीतला नत्र काही काळ अडकतो आणि गहू पिवळा पडतो. दोष मात्र कल्चरला दिला जातो. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकलं तर हे बरंचसं टळतं.

पहिली नोंद २१व्या दिवशी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना घ्या. रोप उपटू नका, खुरप्यानं मातीसकट काढून पाण्यात धुवा. उपटलं की बारीक मुळं जमिनीतच राहतात आणि वजन सगळ्या वाफ्यांचं सारखंच भरतं.