ठाणे-नवी मुंबईत लाकूड कातायला शिकताना: आधी लाटणं, मग लेथ, मग लाकूड

लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) घेण्याआधी काय कातायचं ते ठरवा. पहिली वस्तू म्हणून लाटणं उत्तम. चौकोनी तुकडा गोल करणं, सरळ माप धरणं, हलका उतार काढणं आणि टोकं वेगळी करणं, एवढं सगळं त्यात येतं. चक, म्हणजे लाकूड एका बाजूने पकडणारा जबडा, लागत नाही. शिवाय काम कितपत जमलं हे पोळी लाटली की कळतंच.

लेथचे आकडे

तयार लाटणं 320 मिलिमीटर लांब धरा. दोन्ही टोकांचे वीस-वीस मिलिमीटर वाया जातात, म्हणजे तुकडा हवा 360 चा. स्वस्तातल्या 8×12 लेथवर जास्तीत जास्त 8 इंच व्यासाचं काम फिरतं आणि दोन सेंटरमध्ये (तुकडा दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोच्यांमध्ये) 12 इंच, म्हणजे 305 मिलिमीटर जागा असते. लाटण्याचा तुकडा त्यात बसतच नाही. 10×18 च्या लेथवर 457 मिलिमीटर मिळतात, पुढे वाडगे कातायचे असले तरी पुरतात. मोटर अर्धा ते एक हॉर्सपॉवर, ओतीव लोखंडाचा बेड (ज्यावर बाकी भाग सरकतात तो लांब पाया) आणि नॉबने कमीजास्त होणारा वेग असावा. नुसत्या पुलीवर पट्टा बदलायचा असेल तर माणूस कंटाळून सगळंच काम एका वेगावर उरकतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्पिंडलच्या, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या दांड्याच्या, आट्यांमध्ये. 1 इंच व्यासाला इंचामागे 8 आटे किंवा एम-33×3.5 असेल तर चक आणि फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) सहज मिळतात. स्थानिक बनावटीच्या जड लेथ मजबूत असतात, पण काहींचे आटे त्यांचे स्वतःचेच असतात. मग वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या टर्नरकडून अडॅप्टर करून घ्यावा लागतो. टेलस्टॉकला (तुकड्याचं दुसरं टोक धरणाऱ्या सरकत्या भागाला) मोर्स टेपर क्रमांक 2, म्हणजे सेंटर बसायचं ठरावीक निमुळतं भोक, असेल तर सोयीचं.

जुनी लेथ बघायला गेलात तर दोन्हीकडे टोकदार सेंटर लावून टेलस्टॉक पुढे सरकवा. टोकाला टोक भिडलं पाहिजे. मग स्पिंडल हाताने वरखाली हलवून बघा. खडखडली तर बेअरिंग गेलंय. लोखंड कातायच्या लेथवर लाकूड कातू नका. तिचा वेग बहुधा कमी पडतो, आणि भुसा तेलात मिसळून बेडच्या पट्ट्यांवर बसतो.

फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर पोचतो तो मोटरचा आवाज कमी आणि स्लॅबमधून उतरणारी थरथर जास्त. पायाखाली जाड रबर घाला, टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. वाशी, ऐरोली किंवा घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या बाजूला लेथ उघड्या गॅलरीत ठेवली तर बेड भराभर गंजतो. काम झालं की भुसा झाडून बेडवर मेणाचं पॉलिश घासा. भुसा ओल धरून ठेवतो, गंज त्याच्याखालीच सुरू होतो.

लाकूड

हात बसेपर्यंत पॅकिंगचं पाइन वापरा. न्हावाशेवा बंदरामुळे उरण, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात जुने पॅलेट भंगारात मिळतात. त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने कीडमुक्त केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नका. खिळे एकेक करून काढा आणि लोहचुंबक फिरवून खात्री करा.

खऱ्या लाटण्याला बाभूळ किंवा शिसव. दोन्ही जड, घट्ट, पीठ कमी चिकटणारी. सागवान दिसायला छान आणि कमी हलणारं, पण त्यातली सिलिका धार लवकर मारते. आंबा स्वस्त आणि कातायला मऊ, मात्र कीड पटकन लागते. लाटण्यापेक्षा वाडग्याला बरा. फणसाचा पिवळा रंग पुढे तपकिरी होत जातो. कडुनिंबाच्या वस्तूला कडवट चव येते. विलायती शिरीषाच्या रेषा उलटसुलट असतात, धार जरा बोथट झाली की तंतू उपटून येतात. हायवेच्या दुभाजकावरची कण्हेर मात्र विषारी आहे, स्वयंपाकघरात तिचं काहीही नको.

पावसाळ्यात पडलेल्या फांद्या उचलायचा मोह होतो. सोसायटीच्या आवारातल्या फांद्या समितीला विचारून घ्या. उभ्या झाडाची फांदी तोडायला मात्र महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याचा कायदा 1975 चा आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथून पडलेली काटकीही आणायची नाही.

इकडे खरी झुंज ओलीशी. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं आकसतं. म्हणून ओलं लाकूड कातून गोल केलं की वाळताना ते लंबगोल होतं. ओला तुकडा असेल तर दोन्ही टोकांना मेण लावा, सावलीत काठ्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की तो त्या हवेपुरता वाळला. ‘त्या हवेपुरता’ एवढ्यासाठी, की 60 टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण 11 टक्के ओल राहते आणि 85 टक्क्यांत 17-18. ऑगस्टमध्ये थांबलेलं वजन जानेवारीत पुन्हा उतरतं. झाकणाचा डबा म्हणूनच पावसाळ्यात पुरा करू नये. हिवाळ्यात झाकण एका बाजूला अडतं, दुसऱ्या बाजूला खुळखुळतं.

कातणं

40×40×360 मिलिमीटरचा, भेग नसलेला तुकडा घ्या. टोकांवर कर्ण आखून मध्य काढा आणि पोगराने खूण पाडा. चार दातांचा सेंटर लाकडी हातोडीने एका टोकात बसवा, लेथवर ठोकू नका, बेअरिंगला मार बसतो. टेलस्टॉक आवळताना हात आखडता ठेवा. जास्त दाबलं की तुकडा मधून वाकतो आणि पुढे थरथरतो.

टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून 3 ते 5 मिलिमीटरवर, मध्यरेषेच्या किंचित खाली. सुरू करण्याआधी तुकडा हाताने पूर्ण फिरवा. तोंडावर पूर्ण शील्ड हवी. हातमोजे, ओढणी, अंगठी, बांगड्या, लांब बाह्या यांतलं काही अंगावर नको. चालू करताना तुकड्याच्या रेषेत उभे राहू नका.

वेगाचा हिशोब सोपा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर 6000 ते 9000 च्या आत. लाटण्याएवढ्या बारीक तुकड्याला यातून फारच मोठा आकडा येतो, म्हणून चौकोनी तुकडा 1000 फेऱ्यांवर सुरू करा आणि गोल झाल्यावर 2000 पर्यंत न्या. दहा इंची वाडग्याला याच हिशोबाने 600 ते 900 येतात.

रफिंग गाऊज (चौकोनी लाकूड गोल करायची रुंद, पन्हाळी पटाशी) आधी रेस्टवर टेकवा, मग धारेमागची उतरती पाठ लाकडावर घासू द्या. मग मूठ हळूहळू वर उचला, जोवर कीस निघायला लागत नाही. टोकापासून 50 मिलिमीटर आत सुरू करून टोकाकडे जा, नंतर आणखी मागून. टोकावरून आत शिरलात तर फाळका उडतो. पाठ सुटून नुसती धार लागली की हत्यार झडप घातल्यासारखं आत ओढलं जातं; नवशिक्यांचे बहुतेक अपघात याच क्षणी होतात. हा गाऊज वाडग्यावर कधीही नाही, त्याचा चपटा दांडा मोडतो.

कॅलिपर (व्यास मोजायचा चिमटा) 34 मिलिमीटरवर लावून पार्टिंग टूलने (खाच पाडायच्या अरुंद हत्याराने) तीन ठिकाणी खाचा पाडा आणि मधलं लाकूड खाचेच्या तळापर्यंत उतरवा. मग स्क्यूने (तिरक्या धारेच्या पटाशीने) किंवा स्पिंडल गाऊजने (अरुंद पन्हाळी पटाशीने) मध्ये 32 ठेवून टोकांकडे 28 वर न्या, कायम जाडाकडून बारकाकडे. लाटण्याच्या मध्यावर मळसूत्रासारखे वळ दिसले तर ती थरथर आहे. टेलस्टॉक थोडा सैल करा, हत्याराला धार द्या, कीस पातळ काढा.

रेस्ट काढून वेग 800 वर आणा. पॉलिश पेपर 120, 180, 240, 320, एकही पायरी न गाळता. कागद बोटाला गुंडाळू नका, खालून धरा. एन-95 मास्क लावाच, शिसव आणि सागाची धूळ त्रास देते. लेथ बंद करून लांबीच्या दिशेने एक हात फिरवा, ओलं फडकं पुसा, वाळल्यावर उठलेले तंतू पुन्हा 320 ने घासा. टोकं 8 मिलिमीटर उरेपर्यंत पार्टिंग टूलने, पुढे लेथ थांबवून बारीक करवतीने.

लाटण्याला वार्निश नको, टवके पिठात येतात. शेंगदाणा तेल खवट होतं, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात धातूंचे ड्रायर असू शकतात. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाशीचं मेण एक भाग गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवा, कोमट असताना चोळा, रात्रभर ठेवून कोरड्या फडक्याने पुसा. लाकूड फिकट, कोरडं दिसायला लागलं की पुन्हा तेच.