‘द बुक थीफ’मधील मृत्यू आणि प्रतीके : या चुका टाळा

मार्कस झुसाक यांची ‘द बुक थीफ’ (2005) ही नाझी जर्मनीत वाढणाऱ्या लीझेल मेमिंगरची कथा आहे आणि ती प्रत्यक्ष मृत्यूच सांगतो. विद्यार्थी या कादंबरीवर उत्साहाने लिहितात. मात्र निबंध तपासताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षे समोर येतात.

सर्वांत जुनाट चूक रंगांची. पांढरा म्हणजे शांती, काळा म्हणजे अशुभ, तांबडा म्हणजे रक्त, असे कोष्टक पाठ करून मुले लिहायला बसतात. एका निबंधस्पर्धेचे परीक्षण करताना, लीझेलचा धाकटा भाऊ दगावतो त्या वेळचा बर्फ ‘शांतीचे प्रतीक’ आहे, हे वाक्य मला अनेक निबंधांत जवळजवळ शब्दशः सापडले. तोंडी फेरीत एका स्पर्धकाला मी विचारले की जानेवारी 1939मध्ये धावत्या आगगाडीत मूल गेले, तेव्हा ही शांती नेमकी कोणाला लाभली? तो गप्प राहिला, कारण त्याने तयार सारांश वाचला होता, कादंबरी नव्हे.

कादंबरीत मृत्यू स्वतःच सांगतो की तो आधी रंग पाहतो. मागे उरलेल्या माणसांकडे पाहणे त्याला सोसवत नाही, म्हणून तो रंगांत मन गुंतवतो. लीझेलशी त्याची गाठ पडते तेव्हाचे रंग तीन आहेत: बर्फाचा पांढरा, कोसळलेल्या विमानाजवळचा काळा आणि बॉम्बवर्षावानंतरचा तांबडा. हे तिन्ही एकावर एक आले की नाझी ध्वज उभा राहतो. पुढे लीझेलच्या घरच्या तळघरात लपलेला ज्यू तरुण मॅक्स हिटलरच्या पुस्तकाची पाने पांढरी रंगवतो आणि त्यांवर लीझेलसाठी गोष्ट लिहितो. तिथे पांढरा रंग पुसण्याच्या आणि नव्याने लिहिण्याच्या कामी येतो, म्हणजे कोष्टक तिथेच कोलमडते. मी स्वतः प्रत्येक रंगापुढे समासात पेन्सिलीने ‘कोण पाहते आहे?’ एवढेच लिहितो आणि अर्थ पुस्तक संपेपर्यंत लावत नाही. याला वेळ लागतो, पण ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी प्रतीकांवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक खास आपल्याकडची: निवेदकाला यमराज ठरवणे. यमाकडे न्यायनिवाडा असतो, चित्रगुप्ताची वही असते. इथला मृत्यू कोणाचाच हिशेब मागत नाही. तो थकलेला कामकरी आहे आणि युद्ध हा त्याच्यामागे सतत तगादा लावणारा वरिष्ठ आहे. हातात कोयता असल्याचेही तो नाकारतो. माझे रूप पाहायचे असेल तर आरशात पाहा, असे सुचवतो. त्याला क्रूर खलनायक म्हणणाऱ्याने ही पाने ओलांडली असावीत.

लीझेल भावाच्या दफनाच्या वेळी उचलते ते पहिले पुस्तक, म्हणजे कबर खोदणाऱ्यांचे हस्तपुस्तक, केवळ मरणाचे चिन्ह मानू नका. लीझेल त्यावरच वाचायला शिकते.

लीझेलचा जिवलग मित्र रूडी याचा मृत्यू आधीच सांगून लेखकाने उत्कंठा घालवली, अशी तक्रारही करू नका. तो मरणार हे ठाऊक असल्यामुळेच त्याने मागितलेले प्रत्येक चुंबन आणि लीझेलचा प्रत्येक नकार जड होत जातो.

2013च्या चित्रपटातील प्रसंग पुरावा म्हणून देऊ नका. त्यात मृत्यूचा आवाज मोजक्याच ठिकाणी ऐकू येतो, त्यामुळे निवेदकाविषयीचा कोणताही युक्तिवाद त्याच्यावर उभा राहत नाही.